मेल सर्व्हरचा रोजचा अहवाल कसा वाचावा?

तुमच्या मेल सर्व्हरची रोजची तपासणी आम्ही स्क्रिप्टने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने करतो. एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) असेल तिथे ती पॉवरशेल या मायक्रोसॉफ्टच्याच भाषेत लिहिलेली असते, लिनक्सवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर असेल तिथे शेल स्क्रिप्ट. पहाटे ती आपोआप चालते आणि ऑफिस उघडण्याआधी अहवाल तुमच्याकडे येतो.

सगळं ठीक असलं तरी अहवाल येतोच, आणि हे आम्ही मुद्दाम ठेवलं आहे. बिघाड झाल्यावरच बोलणारी स्क्रिप्ट स्वतः बंद पडली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सकाळी अहवाल दिसला नाही, तर तोच इशारा समजून आम्हाला फोन करा. तुमचा सर्व्हरच बंद असेल तर त्यावरून काही निघणार नाही, त्यामुळे हा अहवाल आम्ही वेगळ्या सर्व्हरवरून पाठवतो.

रांगेत अडकलेले मेल

ही ओळ सगळ्यात आधी पाहा. रांग म्हणजे सर्व्हरवरून अजून पुढे न गेलेले मेल. चार-दोन मेल अडकलेले असणं नेहमीचंच आहे. समोरच्या सर्व्हरने ४ ने सुरू होणारा कोड दिला, तर अडचण तात्पुरती असते आणि आपला सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे साफ नकार, तो मेल लगेच बाउन्स होतो, म्हणजे न पोचल्याची सूचना पाठवणाऱ्याला येते. खरी अडचण तात्पुरत्या नकाराचीच असते. मूळ सेटिंगमध्ये एक्स्चेंज २ दिवस आणि पोस्टफिक्स ५ दिवस प्रयत्न करत राहतं. पोस्टफिक्स मधल्या काळात पाठवणाऱ्याला काही कळवतही नाही. सोमवारी चाकणच्या कंपनीला पाठवलेलं कोटेशन पोचलंच नाही, हे शनिवारी कळून काय उपयोग?

एका रात्रीत रांग शेकड्यांनी वाढली आणि सगळे मेल एकाच खात्यावरून निघालेले दिसले, तर बहुतेक वेळा त्या खात्याचा पासवर्ड फुटलेला असतो. अशा वेळी तुमच्या उत्तराची वाट न पाहता आम्ही ते खातं थांबवतो. सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एकदा ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत गेला की तुमचे खरे मेलही स्पॅममध्ये पडू लागतात.

बॅकअप आणि डिस्क

एक्स्चेंजमध्ये प्रत्येक बदलाची नोंद लॉग फाइलमध्ये होते. एक्स्चेंजला ओळखणारा बॅकअप यशस्वी झाल्यावरच जुन्या लॉग फाइल निघून जातात. नुसत्या फाइल कॉपी करून त्या कमी होत नाहीत. बॅकअप सलग फसला तर डिस्क भरते, आधी नवे मेल घेणं बंद होतं आणि पुढे डेटाबेसच बंद पडतो. म्हणून अहवालात शेवटच्या पूर्ण बॅकअपची तारीख आणि शिल्लक जागा शेजारी-शेजारी छापलेली असते. भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असल्याने तिथल्या ग्राहकांचा पूर्ण बॅकअप बुधवारी रात्री होतो. त्यांनी शुक्रवारचा अहवाल नीट पाहावा.

आम्ही तुमचे मेल वाचतो का?

नाही. स्क्रिप्टच्या खात्याला फक्त पाहण्याचा अधिकार आहे आणि मेलच्या बाबतीत तोही नोंदींपुरता: कोणी, कोणाला, कधी पाठवला आणि मेल केवढा होता. मजकूर ती उघडत नाही. एक्स्चेंज या नोंदी मूळ सेटिंगमध्ये ३० दिवस ठेवतं, तेव्हा एखादा मेल पोचला की नाही हे विचारायचं असेल तर लवकर विचारा.

बाहेर फॉरवर्ड होणारे मेल

अहवालातली ही ओळ छोटी आहे, पण अकाउंट्स विभागाने ती रोज पाहावी असा आमचा आग्रह आहे. चोर खात्यात शिरला की बऱ्याचदा गाजावाजा करत नाही. ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर जाईल असा नियम लावतो आणि गप्प बसतो. मोठं बिल निघालं की तुमच्या ग्राहकाला ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा मेल जातो, आणि पैसे भलतीकडे जमा होतात. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो. स्क्रिप्ट रोज सगळ्या मेलबॉक्सचे नियम कालच्या यादीशी ताडून पाहते आणि नवा नियम लाल रंगात दाखवते. तो तुमच्याच माणसाने लावला असेल तर आम्हाला तसं कळवा. दुपारपर्यंत कळलं नाही तर आम्ही नियम काढून त्या खात्याचा पासवर्ड बदलतो.