सोव्हिएत धान्यखरेदीवरील अमेरिकेची पाळत

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघ बाहेरच्या बाजारातून किती गहू-मका उचलणार, याचा आगाऊ ठाव घेण्यासाठी अमेरिकी शासनाने उभारलेली व्यवस्था. तिची दोन अंगे होती : सोव्हिएत शिवारात काय पिकले याचा अंदाज बांधणे आणि आपल्याच व्यापाऱ्यांनी काय विकले याची नोंद ठेवणे. गुप्तहेर खात्यामुळे पहिल्या अंगाचा बोलबाला अधिक झाला. दुसरे अंग अधिक टिकले.

सुरुवात केव्हाची, याविषयी एकमत नाही. ऑक्टोबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी सोव्हिएत संघाला गहू विकण्यास परवानगी दिली, तेथून काही जण ती मोजतात. परंतु नियमित, कायद्याने बांधलेली पाळत १९७२ च्या खरेदीनंतरचीच मानणे अधिक सयुक्तिक.

१९७१-७२ च्या हिवाळ्यात पुरेशा बर्फाच्या पांघरुणाअभावी सोव्हिएत संघातील हिवाळी गहू करपला. पुढे उन्हाळी पिकालाही अवर्षणाचा फटका बसला. ८ जुलै १९७२ रोजी निक्सन प्रशासनाने सोव्हिएत धान्यखरेदीसाठी तीन वर्षांत ७५ कोटी डॉलरच्या उधारीचा करार जाहीर केला. त्याच सुमारास ‘एक्स्पोर्टख्लेब’ या धान्यव्यापार करणाऱ्या सोव्हिएत शासकीय संस्थेचे प्रमुख निकोलाय बेलोउसोव्ह यांनी अमेरिकेत येऊन काँटिनेंटल, कारगिल, ड्रेफस, बुंगे, कुक इत्यादी धान्यकंपन्यांशी स्वतंत्रपणे सौदे केले. प्रत्येक कंपनीला स्वतःचा सौदा ठाऊक. एकूण बेरीज फक्त खरेदीदारालाच ठाऊक. ही बेरीज सु. १ कोटी ९० लाख टन धान्य, त्यात सु. ४४ कोटी बुशेल गहू, अशी निघाली. गव्हाचा बुशेल सु. २७.२ किग्रॅ. धरल्यास हा गहू १ कोटी २० लाख टनांच्या आसपास, म्हणजे अमेरिकेच्या त्या वर्षीच्या पिकाच्या जवळजवळ चतुर्थांश होतो. गव्हाचा निर्यातभाव बुशेलला सु. १.६३ डॉलरवर रोखून धरण्यासाठी निर्यात अनुदान सुरूच होते. देशांतर्गत भाव चढले तसा फरकाचा बोजा सरकारी तिजोरीवर पडला. टेक्सस, ओक्लाहोमा येथील शेतकऱ्यांनी कापणी होताच माल विकून टाकला होता. नंतरच्या चढ्या भावातले त्यांच्या पदरी काही पडले नाही. १९६३ च्या ब्रिटनमधील आगगाडी लुटीवर बेतलेले ‘धान्याची महालूट’ हे नाव या व्यवहाराला चिकटले.

हे गुप्तवार्तेचे अपयश होते काय? एका मतानुसार सोव्हिएत गोपनीयतेपुढे कोणाचेच काही चालले नसते. दुसऱ्या मतानुसार माहिती होती, पण ती पोचली नाही. कृषिमंत्री अर्ल बट्झ एप्रिल १९७२ मध्ये सोव्हिएत संघात जाऊन आले होते, आणि थंडीने पीक गेल्याच्या वार्ताही येत होत्या. अमेरिकेच्या महालेखापाल कार्यालयाच्या १९७३ च्या अहवालाचा रोख शेती खात्याने हाती असलेली माहिती शेतकऱ्यांपर्यंत नेली नाही असाच आहे. हे दुसरे मत पुराव्याला अधिक धरून वाटते, कारण नंतरचा कायदा आकाशाकडे नव्हे, तर व्यापाऱ्याच्या वहीकडे वळला.

१९७३ च्या शेती व ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार निर्यातदारांना दर आठवड्याच्या विक्रीची माहिती शेती खात्याला देणे बंधनकारक झाले. मोठ्या सौद्यांची अट आणखी कडक आहे : एका दिवसात एकाच देशाला एका जिनसाचे १ लाख टन वा अधिक विकल्यास पुढच्याच कामकाजाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कळवावे लागते. ऑक्टोबर १९७४ मध्ये फोर्ड प्रशासनाने सोव्हिएत संघाशी झालेले सु. ३४ लाख टनांचे सौदे रोखले. पुढे १९७५ च्या करारानुसार सोव्हिएत संघाने वर्षाला किमान ६० लाख टन घ्यावे आणि ८० लाखांपलीकडे जायचे झाल्यास आधी बोलणी करावीत, असे ठरले.

पीक-अंदाजासाठी नासा, शेती खाते व हवामान संस्था यांनी १९७४ पासून लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवर आधारित ‘लेसी’ प्रयोग चालवला. १९७७ च्या सोव्हिएत गव्हाचा त्याचा अखेरचा अंदाज अधिकृत आकड्याच्या (सु. ९ कोटी २० लाख टन) अगदी जवळ आला. पण त्याच वर्षी एकूण धान्यपिकाचा शेती खात्याचा अंदाज सु. २१.५ कोटी टन होता आणि ब्रेझनेव्ह यांनी नोव्हेंबरमध्ये १९.४ कोटी टन जाहीर केले. सोव्हिएत खरेदीचा काही भाग धान्यकंपन्यांच्या युरोपातील शाखांमार्फत झाल्याने नोंदवहीतही तो वेळेवर उमटला नाही. जानेवारी १९८० चा कार्टर यांचा धान्यविक्रीवरील निर्बंध आणि एप्रिल १९८१ मध्ये तो उठवणे यांचा विचार येथे केलेला नाही.

भारताला या खरेदीची झळ बसली ती भाववाढीच्या रूपाने. महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात होरपळत असताना जगात धान्य महाग झाले होते. परदेशातून आलेला लाल मिलो (ज्वारीचा एक प्रकार) आणि दुष्काळी कामावरची सुकडी त्या पिढीच्या तोंडी अजून आहे. १९७३ मध्ये सोव्हिएत संघानेच भारताला २० लाख टन धान्य उसने दिले.

१९९१ नंतर सोव्हिएत संघ उरला नाही, नोंदवही उरली. मोठ्या सौद्यांची निवेदने आजही निघतात. त्यांत चीनचे नाव वारंवार येते आणि खरेदीदार उघड न झालेल्या मालापुढे ‘अज्ञात ठिकाण’ असे लिहिले जाते.