तारणाची खात्री आणि अंतापर्यंत टिकणे

येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला आपल्या पापांची क्षमा झाली आहे व सार्वकालिक जीवन लाभले आहे, हे याच आयुष्यात कळू शकते काय, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्मविचाराने दिलेले उत्तर म्हणजे तारणाच्या खात्रीचा सिद्धांत. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: तो विश्वास मरेपर्यंत टिकतो काय, आणि टिकतो तो कोणाच्या बळावर? तारण होणे वेगळे आणि ते झाल्याची खात्री असणे वेगळे. खात्री डळमळलेला माणूस तारलेला असू शकतो, आणि ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारा बाहेरही राहू शकतो (मत्तय ७:२१–२३). हा फरक न केल्याने या विषयातले बहुतेक घोटाळे होतात.

नव्या करारात आश्वासने आणि इशारे शेजारी शेजारी आहेत. मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, असे येशू म्हणतो (योहान १०:२८). शेवटपर्यंत टिकेल तोच तारला जाईल, असेही तोच म्हणतो (मत्तय २४:१३). देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळे करू शकणार नाही, असे लिहिणारा पौल (रोमकरांस ८:३८–३९) स्वतः नापसंत ठरू नये म्हणून शरीराला काबूत ठेवतो (१ करिंथकरांस ९:२७). या दोहोंचा मेळ प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ मधील वादळाच्या प्रसंगात फार स्पष्ट दिसतो. तारवावर २७६ माणसे होती. एकाच्याही जिवाची हानी होणार नाही, असे वचन पौलाला देवाकडून मिळाले होते. तरीही खलाशी होडी पाण्यात उतरवून पळू लागले तेव्हा ‘हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही’ असे त्याने शताधिपतीला बजावले. शिपायांनी होडीचे दोर कापले, आणि सगळे किनाऱ्याला लागले. इशाऱ्याने वचन रद्द झाले नाही. ते ज्या मार्गाने पुरे व्हायचे होते, त्यातच तो इशारा होता.

पाचव्या शतकात धर्मपंडित ऑगस्टीनने अंतापर्यंत टिकणे हे देवाचे दान मानले, पण ते आपल्याला मिळाले आहे की नाही हे मरणापूर्वी निश्चित कळत नाही, असे म्हटले. कॅथलिक शिकवण याच वाटेवर आहे. विशेष प्रकटीकरणावाचून अंतापर्यंत टिकण्याची निरपवाद खात्री कोणी सांगू नये, असे ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४७ मध्ये ठरवले. त्यामुळे कॅथलिक भक्तीत या दानाची मागणी सतत होत असते: ‘नमो मरिया’च्या शेवटी ‘आता आणि आमच्या मरणाच्या वेळी’ मध्यस्थी मागितली जाते ती त्यासाठीच. घोर पापाने कृपा गमावली तर ती प्रायश्चित्त संस्काराने, म्हणजे धर्मगुरूजवळ पाप कबूल करून मिळणाऱ्या क्षमेने, परत मिळते.

सोळाव्या शतकातले प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथर आणि कॅल्विन यांनी खात्री विश्वासाच्या गाभ्यातच ठेवली. टिकण्याबाबत मात्र प्रॉटेस्टंटांमध्ये फाटे फुटले. हॉलंडमधील आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमे मांडली आणि खरा विश्वासणारा पूर्णपणे ढळू शकतो काय, हा प्रश्न पुढील अभ्यासासाठी खुला ठेवला. कॅल्विनच्या परंपरेतील डॉर्टच्या परिषदेने (१६१८–१९) ‘ढळू शकत नाही’ असे उत्तर दिले. पण तो दाविदासारखा, पेत्रासारखा गंभीर पापात पडू शकतो, आणि तेव्हा काही काळ कृपेची जाणीवही गमावू शकतो, हेही तिने नमूद केले. ल्यूथरपंथी व मेथडिस्ट मंडळ्यांच्या मते ढळून नाश होणे शक्य आहे.

खात्रीच्या आधारांची सर्वांत काटेकोर मांडणी कॅल्विनच्याच परंपरेतील वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रकात (१६४६), अठराव्या अध्यायात आहे. आधार तीन: देवाची अभिवचने, जीवनात दिसणारी कृपेची चिन्हे, आणि ‘तुम्ही देवाची मुले आहात’ अशी पवित्र आत्म्याची साक्ष (रोमकरांस ८:१६). चिन्हे तपासायला योहानाचे पहिले पत्र उपयोगी पडते. त्यात तीन कसोट्या पुन्हा पुन्हा येतात: येशूविषयीची कबुली, आज्ञापालन आणि बंधुप्रीती.

क्रम बदलला की बिघाड होतो. चिन्हांना पहिले स्थान दिले की माणूस रोज स्वतःचे मन उकरत बसतो. आजची प्रार्थना कोरडी गेली म्हणजे आपण तारलेलेच नाही, असे त्याला वाटू लागते. साक्ष म्हणजे निव्वळ भावना समजली, तर उपासनेतला आवेग ओसरताच खात्रीही ओसरते. तिसरा बिघाड सर्वांत घातक आहे: सभेत हात वर केला, प्रार्थना म्हटली, आणि ‘आता तुमचे तारण पक्के’ असे प्रचारकाने जागीच सांगून टाकले. खात्री देणे पवित्र आत्म्याचे काम आहे. प्रचारकाने वचनाकडे बोट दाखवावे आणि तिथेच थांबावे. याच्या उलट, प्रत्येक पापाबरोबर तारण गेले असे मानणारे सभेत तारणासाठी पुन्हा पुन्हा पुढे येतात, दुसऱ्यांदा बाप्तिस्मा मागतात. कोणी पाप केले तरी पित्याजवळ येशू आपला कैवारी आहे, हे १ योहान २:१–२ त्यांना दाखवावे लागते.

विश्वास असूनही खात्री मिळायला वेळ लागू शकतो, असे तेच विश्वासपत्रक सांगते. खात्री हलण्याची कारणेही ते देते: ती जपण्यात हयगय, विवेकाला घायाळ करणारे एखादे पाप, अचानक आलेला मोह, किंवा देवाने आपल्या मुखाचा प्रकाश काही काळ आवरून घेणे. दुःखी माणसाला सल्ला देणाऱ्याने यांतले कारण आधी ओळखावे. लपवलेल्या पापावर नुसते सांत्वन चालत नाही. पाप नसताना पश्चात्तापाचा आग्रह धरणे मात्र क्रूरपणा आहे.

इब्री ६:४–६ हा उतारा सर्वाधिक भीती घालतो: एकदा प्रकाश मिळालेले ढळले तर त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवे करणे अशक्य आहे, असे तो म्हणतो. आर्मिनियसपंथी तो खऱ्या विश्वासणाऱ्यांच्या धर्मत्यागाविषयी घेतात. कॅल्विनपंथी कधीच नवा जन्म न झालेल्यांविषयी घेतात आणि ‘ते आपल्यातून निघाले, पण आपले नव्हते’ हे १ योहान २:१९ पुढे करतात. दोघांनाही मान्य असावे असे एवढे: लेखक पडून पुन्हा उठू पाहणाऱ्याविषयी बोलत नाही, ख्रिस्ताला जाणूनबुजून झिडकारणाऱ्याविषयी बोलतो. आपल्या हातून अक्षम्य पाप घडले या भीतीने जो रडतो, त्याचे हृदय कठीण झालेले नाही, हे पाळकाने त्याला स्पष्ट सांगावे.

महाराष्ट्रात या परंपरा वेगवेगळ्या वाटांनी आल्या. १८१३ पासूनचे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे होते. १८२९ मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या परंपरेतले. वसईत, आणि शेजारच्या गोव्यातही, कॅथलिक परंपरा त्याआधीची. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण खुद्द ख्रिस्त आठेक वर्षांनी सापडला, असे त्यांनी १९०७ च्या साक्षीत लिहिले.

टिकून राहण्याची साधने सर्व पंथांत जवळपास सारखीच आहेत: वचन, सहवास, प्रभुभोजन, प्रार्थना (प्रे. कृत्ये २:४२). एकट्याने टिकणे नव्या कराराला माहीत नाही. एकमेकांना दररोज बोध करा, असे इब्री ३:१३ सांगते. याची सर्वांत व्यवहारी रचना इंग्लंडमधील प्रचारक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्टांनी केली. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी साधारण बारा-बारा जणांचे वर्ग करून आठवड्याला एक पेनी गोळा करायचे ठरले. वर्गणीसाठी घरोघरी जाणाऱ्या वर्गनायकांना कोण घसरत चालले आहे हे कळू लागले, आणि वर्ग आत्मिक देखरेखीचे झाले. दर तिमाहीला प्रत्येकाची विचारपूस करून सभासदत्वाचे तिकीट नव्याने दिले जाई. पडलेल्याला उठवण्याची रीत मात्र पवित्र शास्त्रातच आहे: आधी एकांतात, मग एकदोन साक्षीदारांसह, मग मंडळीपुढे (मत्तय १८:१५–१७), आणि पश्चात्ताप झाला की अतिदुःखाने तो गिळला जाऊ नये म्हणून लगेच क्षमा व प्रीतीचा पुन्हा भरवसा (२ करिंथकरांस २:६–८). हा शेवटचा टप्पा मंडळ्या सर्वाधिक विसरतात.