वॉकला येण्याआधी वाचा: जेराल्ड ऑन्जियर कोण होता?

नमस्कार. रविवारच्या फोर्ट वॉकसाठी नाव नोंदवल्याबद्दल आभार. वॉक संपल्यावर दर खेपेला कोणीतरी विचारतंच, ‘दोन तास ऑन्जियर, ऑन्जियर ऐकलं, पण त्याचं असं दिसलं काय?’ तक्रार रास्त आहे. या गव्हर्नराने मुंबई घडवली ती बहुतेक कागदावर, करारमदार करून. दगडात त्याचं फार थोडं उरलंय. म्हणून हे पत्रक आधीच पाठवतोय. येताना लोकलमध्ये वाचून होईल.

नावाचं म्हणाल तर मराठीत ते ऑन्जियर, औंजियर, अँजिअर असं कसंही लिहिलेलं सापडतं. आम्ही पहिलं धरलंय. माणूस ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर, घराणं आयर्लंडमधल्या सरदारांपैकी. डब्लिनमध्ये ऑन्जियर स्ट्रीट आहे, पण ती त्याच्या भावामुळे. १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार प्रेसिडेंट जॉर्ज ऑक्झेंडनने लढवली होती. तो १६६९ मध्ये वारल्यावर सुरतेची प्रेसिडेंटकी आणि मुंबईची गव्हर्नरी दोन्ही ऑन्जियरकडे आली.

मुंबईत तेव्हा होतं काय? पोर्तुगीजांनी राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण दिलेली बेटं. ती राजाला परवडेनात, म्हणून १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने त्याने कंपनीच्या गळ्यात घातली. दलदल, ताप, मरतुकडा व्यापार. गोऱ्या माणसाचं आयुष्य इथे दोन पावसाळ्यांचं, असं इंग्रजच म्हणत.

आपण एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर जमतो, कारण कंपनीचा किल्ला त्या इमारतीच्या पाठीमागे होता. गोव्याचे वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा तिथे वाडा होता, त्याच्याभोवती तटबंदी उभी राहिली. १६७३ च्या फेब्रुवारीत डच आरमार मुंबईवर चालून आलं, तेव्हा ऑन्जियर इथेच होता. बुरुज पुरे झाले नव्हते, तरी त्याने शिबंदी जमवली, भंडाऱ्यांनाही हत्यारं देऊन उभं केलं. तयारी बघून डच परत फिरले. आज ती जागा नौदलाकडे आहे आणि तळाचं नाव आय.एन.एस. आंग्रे! ज्या कान्होजींनी पुढे इंग्रजांना समुद्रावर सळो की पळो केलं, त्यांचंच नाव कंपनीच्या किल्ल्याला लागलंय. आम्हाला हे दर वेळी सांगताना मजा येते. आत जाता येत नाही, आणि त्या बाजूला कॅमेरा रोखू नका.

आता कागद. पोर्तुगीज गेल्यावर जमीन नक्की कोणाची, यावरून बेटांवर भांडणं लागली होती. सुरुवातीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी दिसेल ती जमीन राजाची म्हणून दाबायला घेतली होती. ऑन्जियरने जमीनमालकांना बसवून तोड काढली: त्यांनी मिळून कंपनीला वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीजांचं नाणं) भरायचे, आणि जमिनी त्यांच्याकडेच राहायच्या. १६७४ मध्ये यावर शिक्कामोर्तब झालं. त्याआधी, १६७२ मध्ये, पोर्तुगीज कायदा जाऊन इंग्रजी कायद्याचं न्यायालय बसलं होतं. जातीजमातींना आपापले तंटे पंचांकडून मिटवण्याची मुभा मिळाली. टांकसाळही त्याच काळातली.

आमचा सगळ्यात आवडता कागद १६७७ चा. दीवचा निमा पारख नावाचा बनिया व्यापारी मुंबईत यायला तयार होता, पण अटींवर. आमचा धर्म आम्ही पाळू, आमची प्रेतं आमच्या रीतीने जाळू. आमच्या आवारात ख्रिश्चन किंवा मुसलमान राहायला येणार नाही आणि तिथे जीवहत्या होणार नाही. आमच्या माणसांना पहाऱ्याला जुंपायचं नाही. लढाईचा प्रसंग आलाच तर माल, पैसा आणि कुटुंब ठेवायला किल्ल्यात जागा द्यायची. कंपनीने ऐकलं. सोसायटीत जागा घेताना आपण एवढं मागून बघावं! हे औदार्य नव्हतं, हिशेब होता. व्यापारी आल्याशिवाय जकात कुठून येणार? पारशीही याच सुमारास इथे स्थिरावले. मलबार हिलवरचं त्यांचं पहिलं दखमं, म्हणजे प्रेतं ठेवायचा बुरुज, ऑन्जियरच्याच काळातलं.

महाराजांचा विषय निघतोच, आणि त्याबद्दल इथे थोडं सविस्तर. शिवराज्याभिषेकाला आलेला हेन्री ऑक्झेंडन आपल्याला शाळेपासून माहीत असतो. त्याला पाठवणारा ऑन्जियर. निव्वळ शुभेच्छांसाठी नव्हे, १६६१ मध्ये मराठ्यांनी लुटलेल्या राजापूरच्या वखारीची भरपाई हवी होती. मुळात ती लूट झाली कारण सिद्दी जौहरचा वेढा चालू असताना इंग्रज पन्हाळ्यावर तोफा डागायला गेले होते. ते सोडून नुकसानीचा आकडा तेवढा लावून धरलेला! ऑक्झेंडन पाचाडला पोचला तेव्हा महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेलेले, त्यामुळे त्याला खाली थांबावं लागलं. दुभाषी नारायण शेणवी सोबत होता. ६ जून १६७४ ला दरबारात ऑक्झेंडनने सिंहासनाजवळ भाल्यांवर लावलेली सोन्याची मत्स्यमुखं आणि तराजू पाहिला. दाराशी दोन लहान हत्ती उभे होते. एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले कसे, हे कोडं त्याने लिहून ठेवलंय. तहात १०,००० होनांची भरपाई आणि अडीच टक्के जकातीवर व्यापार ठरला. तोफांचं विचाराल, तर महाराजांना त्या हव्या होत्या आणि इंग्रज ती गोष्ट शेवटपर्यंत टाळत राहिले. एकीकडे महाराज, दुसरीकडे पावसाळ्यात आरमार घेऊन मुंबईत मुक्काम ठोकू पाहणारा जंजिऱ्याचा सिद्दी. दोघांनाही दुखवायचं नाही, हेच ऑन्जियरचं धोरण.

वॉकचा शेवट हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथीड्रलपाशी. इथे चर्च बांधायची कल्पना ऑन्जियरची, पण भिंती अर्धवट राहिल्या त्या चाळीसेक वर्षं, आणि चर्च उघडलं १७१८ मध्ये. चर्चगेट हे नाव कोटाच्या या चर्चकडच्या दरवाजावरून पडलं.

ऑन्जियरला कंपनीचं मुख्य ठाणं सुरतेहून इथे आणायचं होतं. ते १६८७ मध्ये आलं. तो स्वतः ३० जून १६७७ ला सुरतेतच वारला. मुंबईत सलग राहिला असेल ती तीनेक वर्षं.

पायऱ्यांवर सकाळी साडेसातला भेटू. पाण्याची बाटली आणि साधे बूट किंवा चपला असू द्या. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, छत्रीपेक्षा रेनकोट बरा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेर थांबतो, तेवढ्यात चहा होतो. चहा आमच्याकडून.