धुतलेल्या नाण्याला आकडा का मिळत नाही : ग्रेडिंगची पार्श्वभूमी

नाण्याच्या ग्रेडची, म्हणजे ते किती झिजलेले किंवा कोरे आहे हे सांगणाऱ्या आकड्याची, मोजपट्टी १०० ऐवजी ७० वर का थांबते, याचे उत्तर भावात आहे. १९४९ मध्ये एका अमेरिकी संग्राहकाने १७९३ ते १८१४ या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंटांसाठी ही पट्टी बसवली. झिजून जेमतेम ओळखता येणारे नाणे दोन डॉलरला जात असेल, तर त्याच जातीचे निर्दोष नाणे १४० डॉलरला जावे, असा तो हिशेब होता. म्हणजे आकडा अवस्थेचा कमी आणि किमतीचा जास्त. हे गणित काही वर्षांतच कोलमडले. आकडे मात्र राहिले. १९७७ मध्ये तिथल्या संग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेने तेच आकडे सर्व अमेरिकी नाण्यांना लावले.

अडचण विक्रेत्यांची होती. विकताना ६५ असलेले नाणे परत घ्यायची वेळ आली की ६३ चे व्हायचे. १९७९ पासून छायाचित्रासह ग्रेडचा दाखला मिळू लागला, पण नाणे आणि दाखला वेगवेगळे असत, आणि त्यांची अदलाबदल करणे अवघड नव्हते. १९८६ मध्ये एका कंपनीने नाणेच टणक पारदर्शक प्लास्टिकमध्ये बंद केले. पुढच्याच वर्षी दुसरी कंपनी आली, आणि आजही बाजार मुख्यतः या दोघींचाच आहे. अशा बंद डबीला म्हणतात तो ‘स्लॅब’ तेव्हापासूनचा. ग्रेड वस्तुनिष्ठ असतो या दाव्यावरून १९९० मध्ये अमेरिकी सरकारी नियामकाने कारवाईही केली. तरी स्लॅब फोडून, वरचा ग्रेड मिळेल या आशेने तेच नाणे पुन्हा पाठवणारे आजही आहेत.

आपल्याकडच्या संग्राहकांचा खरा वाद या ग्रेडशी नाही, ग्रेड नाकारण्याशी आहे. साचा आदळताना धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे तिरके फिरवले की फिरणारी चकाकी दिसते ती या रेषांमुळे. घासले की त्या मोडतात आणि बारीक ओरखडे उरतात. अशी नाणी कंपन्या सुरुवातीला आकडा न देताच साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून परत पाठवत. २००८ च्या सुमारास दोन्ही मोठ्या कंपन्यांनी धोरण बदलले : नाणे अस्सल आहे एवढे मान्य करून स्लॅबमध्ये घालायचे, पण आकड्याच्या जागी ‘डिटेल्स’ आणि पुढे ‘क्लीन्ड’ (साफ केलेले) असा शेरा मारायचा. किंमत तिथेच पडते.

आता आपल्या घरांतली नाणी पाहा. लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये चिंचेने किंवा रांगोळीने लख्ख करायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सोन्याच्या नाण्यांना कड्या लावून ती गळ्यात घातली गेली. कडी काढली तरी टाक्याचा डाग राहतो, आणि त्यालाही वेगळा शेरा आहेच. व्हिक्टोरियाचा जो रुपया चार पिढ्या देवघरात जपला, तो या पट्टीवर सदोष ठरतो. रेषा मोडल्या हे खरेच, त्यामुळे शेरा चूक म्हणता येत नाही. खटकते ते पुढचे. रसायनात हलकेच बुडवून काढलेल्या चांदीच्या नाण्याला पुष्कळदा पूर्ण आकडा मिळतो, आणि याच कंपन्या वेगळे शुल्क घेऊन नाण्यांची सफाईही करून देतात. त्याला ‘संवर्धन’ म्हणायचे, आणि आजीने घासले की दोष! घासणे आणि धातूला धक्का न लावता मळ काढणे यांत तांत्रिक फरक आहे, हे त्यांचे उत्तर अर्धे पटते.

ग्रेडसाठी नाणे परदेशी पाठवायचे तर दुसरा अडसर कायद्याचा. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार १०० वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. कायदा १९७६ पासून अमलात आहे आणि त्याची रेषा दरवर्षी पुढे सरकते. पंचम जॉर्ज राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून मागे घेतलेला १९११ चा रुपया २०११ मध्ये या रेषेआड गेला. मुंबईत पाडलेला १९१८ चा सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिश सोन्याचे नाणे, २०१८ मध्ये गेला. ज्याच्या नकला बाजारात पुष्कळ फिरतात आणि ज्याला अस्सलपणाच्या दाखल्याची खरी गरज आहे, तो १९३९ चा रुपया २०३९ पर्यंत तरी या बंदीबाहेर आहे.