ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट व्हायचंय? नोंदणी, कागदपत्रे आणि पहिली नोकरी

मधुमेहींच्या पायावरच्या जखमा, आत वाढलेली नखे, टाचदुखी हे सगळे ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट बघतो. तो एमबीबीएस डॉक्टर नसतो, त्याची पदवी वेगळी असते. ‘पोडियाट्रिस्ट’ आणि ‘किरोपॉडिस्ट’ ही दोन्ही पदनामे तिथे कायद्याने राखीव आहेत. पदवी हातात पडली, तरी एचसीपीसी म्हणजे हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी होईपर्यंत ही पदनामे नावापुढे लावणे गुन्हा ठरतो.

पात्रता

सगळ्यात सरळ वाट म्हणजे एचसीपीसीची मान्यता असलेला ब्रिटनमधला अभ्यासक्रम. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार. आधीची संबंधित पदवी असेल तर नोंदणीपात्र एमएससी साधारण दोन वर्षांत होते. हडर्सफील्ड, सॅल्फर्ड, साउथॅम्प्टन, नॉर्थॅम्प्टन, ग्लासगो कॅलिडोनियन, कार्डिफ मेट्रोपॉलिटन, अल्स्टर ही यातली जुनीजाणती नावे. एजंट काहीही सांगो, फी भरण्याआधी एचसीपीसीच्या संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त यादीत तो नेमका अभ्यासक्रम स्वतः शोधावा. ‘पायांचे आरोग्य’ शिकवणारे छोटे कोर्सही तिथे मिळतात; त्यावर ‘फूट हेल्थ प्रॅक्टिशनर’ म्हणवता येते, पोडियाट्रिस्ट नाही.

बीपीटी झालेल्यांचा इथे हमखास गैरसमज होतो. भारतातल्या फिजिओथेरपीच्या पदवीवर एचसीपीसीकडे फिजिओथेरपिस्ट म्हणून अर्ज करता येतो, पोडियाट्रिस्ट म्हणून नाही. भारताच्या 2021 च्या सहयोगी आरोग्यसेवा कायद्याच्या अनुसूचीत पोडियाट्रिस्टचे नाव आहे, पण तेवढ्याने ब्रिटनची नोंदणी होत नाही. परदेशात खरोखर पोडियाट्री शिकलेल्यांसाठी आंतरराष्ट्रीय अर्जाची सोय आहे. त्यात अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील आणि अनुभव तपासला जातो. इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा देणार असाल तर एकूण 7 आणि कुठल्याही भागात 6.5 च्या खाली नाही, असे गुण लागतात. ब्रिटनमध्येच मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला असेल, तर नोंदणीसाठी ही परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही.

अर्ज आणि कागदपत्रे

तिथे शिकलेल्यांचे काम सोपे. उत्तीर्णांची यादी विद्यापीठ थेट एचसीपीसीला पाठवते. आपण ऑनलाइन अर्ज भरायचा, ओळखीचा पुरावा जोडायचा, चारित्र्य आणि आरोग्याविषयीची घोषणा करायची आणि शुल्क भरायचे. नव्या पदवीधरांना पहिली दोन वर्षे शुल्क निम्मे असते.

आपल्याकडच्यांची गाडी अडते ती नावात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी; लग्नाआधीची पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद निघण्यापूर्वीच काढून ठेवा आणि मराठीतल्या कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. पासपोर्ट सेवा केंद्रामार्फत मिळणारे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेटही सोबत असू द्या. तिथली डीबीएस तपासणी, म्हणजे नोकरीआधीची गुन्हेगारी नोंदींची तपासणी, मुख्यतः ब्रिटनमधल्या नोंदी पाहते, त्यामुळे नोकरी देणारे भारतातला दाखला वेगळा मागू शकतात.

नोकरी

एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, नवा पोडियाट्रिस्ट बँड 5 या वेतनश्रेणीवर लागतो. विशेषज्ञ झाला की बँड 6, पुढे 7 आणि त्यावर. जाहिराती एनएचएस जॉब्स या संकेतस्थळावर येतात. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी. इंग्लंडमध्ये 2017 पासून नव्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती बंद झाल्यावर या अभ्यासक्रमाकडचा ओढा घटला. मधुमेहाचे रुग्ण मात्र वाढतच आहेत. माझ्या मते पहिली दोन-तीन वर्षे एनएचएसच्या मधुमेही पाय सेवेतच काढावीत. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या एनजी19 सूचनेनुसार पायाचा सक्रिय त्रास असलेल्या मधुमेही रुग्णाला एका कामकाजाच्या दिवसात तज्ज्ञ पथकाकडे पाठवायचे असते. त्या पथकात शल्यविशारदांच्या बरोबरीने जखमा हाताळायला मिळतात. खासगी दवाखान्यात नखे कापण्यात दिवस जातो. अनुभवानंतर स्वतंत्र औषधयोजनेचा अधिकार (2013 पासून) किंवा पोडियाट्रिक सर्जरी या वाटा खुल्या होतात. दोन्हींसाठी पुढचे शिक्षण आणि नोंदवहीत खास शेरा लागतो.

स्वतःचा दवाखाना काढायचा तर व्यावसायिक विमा सक्तीचा. व्हिसाचाही विचार आधीच करा. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, पदवीनंतर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर चालतो. हेल्थ अँड केअर व्हिसा ज्या मालकाने प्रायोजित केला त्याच्या नोकरीशी बांधलेला असतो. पोडियाट्रिस्ट हा व्यवसाय त्या व्हिसाच्या यादीत आहे, पण पगाराची अट जाहिरातीतल्या आकड्याशी ताडून पाहा, विशेषतः अर्धवेळ जागांबाबत.

नूतनीकरण

पोडियाट्रिस्टांची नोंदणी दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या 31 जुलैला संपते; नूतनीकरणाची खिडकी मेमध्ये उघडते. त्या वेळी काही जणांना निवडून त्यांच्या व्यावसायिक शिक्षणाच्या नोंदी तपासल्या जातात. नोंदणीला दोन वर्षे झालेली नसतील तर या निवडीतून सूट मिळते. शिकत असताना दिलेला विद्यापीठाचा ईमेल पुढे बंद होतो, त्यामुळे एचसीपीसीकडे स्वतःचा कायमचा ईमेल नोंदवा, नाहीतर मेमधली सूचनाच पोहोचणार नाही.