स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

राजदूत 350 चालवलेल्या जुन्या मंडळींची एक सवय अजून सुटत नाही. गाडी चालू करायची, दोन मिनिटं गरम होऊ द्यायची, मग मागे उकिडवं बसून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडामागे एकेक तळहात धरायचा. दोन्ही हातांना सारखे धक्के लागले की समाधान. एका हाताला जोर आणि दुसऱ्याला नुसती कोमट फुंकर लागली, की पाने-स्क्रूड्रायव्हर बाहेर.

ही तपासणी या गाडीवर जमते, कारण तिच्या दोन सिलिंडरना दोन स्वतंत्र सायलेन्सर आहेत आणि दोन स्वतंत्र कार्ब्युरेटरही, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग. यामाहाच्या आरडी 350 ची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये बाजारात आणली. 347 सीसी, टू-स्ट्रोक. ॲक्सिलेटरच्या मुठीतून निघालेली एक केबल पुढे फुटते. एक फाटा डाव्या कार्ब्युरेटरला, एक उजव्याला आणि तिसरा ऑइल पंपाला. मूठ एकच, पण दोन्ही स्लाइड, म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघडणाऱ्या सरकत्या झडपा, एकाच क्षणी आणि एकाच उंचीवर उचलल्या जातील याची हमी कोणी देत नाही. केबल ताणते, लॉकनट ढिला होतो, स्लाइड झिजते. मग एक सिलिंडर जास्त श्वास घेतो, दुसरा कमी. दोघांचा श्वास जुळवणं म्हणजे सिंक्रोनायझेशन. गॅरेजमध्ये याला सरळ ‘सिंक करणे’ म्हणतात.

इथे बैलजोडीची उपमा हटकून दिली जाते. ती अर्धीच लागू पडते. जोडी पळायला लागली की उणा बैल जास्त उघडा पडतो. कार्ब्युरेटरचं नेमकं उलट आहे, वेग वाढला की फरक दिसेनासा होतो. साधं गणित आहे. गाडी आयडलला, म्हणजे मूठ सोडून जागेवर चालू, असताना हवा जायची फट मिलिमीटरच्या अंशांत असते. समजा एकीकडे 0.2 मिलिमीटर आणि दुसरीकडे 0.3. फरक फक्त 0.1 चा, पण दुसऱ्या सिलिंडरला जवळजवळ दीडपट हवा. तोच 0.1 चा फरक फट 10 मिलिमीटर झाल्यावर एक टक्का उरतो, तो तुम्हाला जाणवणारही नाही. म्हणून सिंक बिघडलेली गाडी हायवेवर झकास पळते आणि सिग्नलला रडते. आयडलिंग वरखाली होतं, क्लचमधून खडखड येते, आरशात मागची गाडी थरथरताना दिसते, ट्रॅफिकमध्ये अगदी कमी ॲक्सिलेटरवर गाडी हिसके देते. फुल ॲक्सिलेटरवर गाडी ओढत नसेल, तर दोष दुसरीकडे शोधा. सिंकचा त्यात हात नाही.

राजदूतचं काम डोळ्यांनी आणि बोटांनी होतं. एअर फिल्टरचा रबर काढायचा, दोन्ही आयडल स्क्रू स्लाइड तळाला टेकेपर्यंत सैल करायचे, मग दोन्ही तोंडांत एकेक बोट घालून स्लाइडला टेकवायचं आणि सोबत्याला मूठ अगदी हळू फिरवायला सांगायची. दोन्ही बोटांना हालचाल एकदमच कळली पाहिजे. एक स्लाइड आधी उठली तर वरच्या ॲडजस्टरने तिची केबल थोडी सैल करायची. डोळ्यांवर भरवसा नसेल तर स्लाइडखाली ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी सरकवून दोन्हीकडची उंची तपासायची. हे झालं की लोक हात पुसून उठतात, आणि इथेच घात होतो. तिसरा फाटा ऑइल पंपाचा आहे. केबल हलवल्या तर पंपाच्या चाकावरची खूणही परत जुळवावी लागते. ती मागे राहिली तर इंजिनाला तेल कमी पडतं, आणि सुंदर सिंक केलेली गाडी जाम होते.

चार सिलिंडर असले की हात आणि बोटं पुरत नाहीत. होंडाची सीबी 750 ही 1969 ची गाडी, 736 सीसी, ओळीने चार सिलिंडर आणि चार कार्ब्युरेटर. अगदी पहिल्या गाड्यांमध्ये प्रत्येक कार्ब्युरेटरला वेगळी केबल होती. चार केबल सारख्या ताणलेल्या ठेवायच्या म्हणजे काय, याची कल्पना करा. होंडाने लवकरच केबलऐवजी चौघांना जोडणारी दांडी बसवली. पुढच्या काळातल्या बहुतेक फोर-सिलिंडर गाड्यांमध्ये चार कार्ब्युरेटर एकाच पट्टीवर असतात आणि जुळवायचे स्क्रू मात्र तीनच सापडतात. नवखा माणूस चौथा शोधत बसतो. तो नसतोच. एक कार्ब्युरेटर प्रमाण धरलेला असतो, बाकीचे तीन त्याच्याशी जुळवायचे. आधी दोन-दोनच्या जोड्या, मग मधल्या स्क्रूने जोडीशी जोडी.

जुळवायचं कशावरून? सक्शनवरून. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन खाली जाताना जवळजवळ बंद फटीतून हवा ओढतो, त्यामुळे फटीच्या पलीकडे दाब घटतो. मॅनिफोल्डवरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या वाटेवरच्या, छोट्या नळीला व्हॅक्यूम गेज लावला की ही घट पाऱ्याच्या सेंटिमीटरमध्ये वाचता येते. बाहेरच्या हवेचा दाब 76 सेंटिमीटर. प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर असलेल्या मोटरसायकली आयडलला साधारण 20 ते 25 सेंटिमीटर सक्शन दाखवतात, आणि चौघांत 2 ते 4 सेंटिमीटरपर्यंतचा फरक कंपन्या चालवून घेतात. मिनिटाला 1100 फेरे धरले तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला नऊ-दहा वेळा ओढतो, त्यामुळे काटा ताडताड हलतो. नळीत मध्ये मत्स्यपेटीचा प्लॅस्टिकचा छोटा व्हॉल्व्ह घालून जरासा आवळला की काटा शांत होतो. आणखी एक गोष्ट आधीच करावी. चारही गेज आळीपाळीने एकाच सिलिंडरला लावून बघावेत. स्वस्त गेज आपापसातच जुळत नाहीत, मग त्यांच्यावर इंजिन काय जुळवणार?

दोन सिलिंडरच्या गाडीला गेज विकत घ्यायचीही गरज नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवून लाकडी पट्टीवर बसवा, खालच्या भागात टू-स्ट्रोक ऑइल भरा, दोन टोकं दोन सिलिंडरना जोडा. पारा पाण्याच्या 13.6 पट जड आणि तेल पाण्याहून हलकं. त्यामुळे पाऱ्याच्या एका सेंटिमीटरचा फरक इथे पंधराएक सेंटिमीटर तेलाचा होऊन डोळ्यांत भरतो. फरक जास्तच असेल तर इंजिन तेल पिऊन टाकतं आणि गल्लीभर पांढरा धूर होतो. तो टाळायला दोन्ही बाजूंना मध्ये एकेक रिकामी बाटली जोडावी. काम करताना टाकी खाली उतरवलेली असते, म्हणून पेट्रोल सलाइनच्या बाटलीतून वरून सोडायची आपल्याकडची पद्धत आहे. ती सोयीची आहे, पण बाटली सायलेन्सरपासून लांब टांगा. एअर-कूल्ड गाडी उभ्या उभ्या दहा मिनिटं चालली तर तापते, समोर टेबलफॅन हवाच.

आता मुख्य मुद्दा. गेज कार्ब्युरेटर मोजत नाही, तो सिलिंडरची ओढ मोजतो. ओढ कमी असण्याची कारणं अनेक, आणि सिंक त्यातलं एकच.

माझ्या मित्राकडे एक जुनी जपानी फोर-सिलिंडर आहे. एका गॅरेजने ती सहा महिन्यांत तीनदा सिंक केली. दर वेळी चारही काटे एका रेषेत येत आणि दर वेळी महिन्या-दीड महिन्यात गाडी पुन्हा आयडलला हलायला लागे. चौथ्यांदा आम्हीच घरी गेज लावले. एक, दोन आणि चार नंबरचे सिलिंडर बावीस सेंटिमीटरच्या आसपास, तीन नंबर सतरावर. स्क्रूड्रायव्हर हातात होताच, मोह आवरला आणि आधी टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरवणाऱ्या भागांचं, झाकण उघडलं. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं होतं. इनटेक व्हॉल्व्हला, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या झडपेला, 0.1 मिलिमीटरच्या आसपास फट हवी. तीन नंबरच्या एका व्हॉल्व्हखाली फिलर गेजची 0.04 ची पातीसुद्धा जाईना.

म्हणजे गाडी गरम झाली की तो व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. पिस्टन वर जाताना ओढलेलं मिश्रण थोडं थोडं मॅनिफोल्डमध्ये परत ढकललं जात होतं आणि सक्शन घटत होतं. गॅरेजने काय केलं असेल हे आता उघड होतं. सक्शन वाढवायचं तर फट कमी करायची, म्हणून तीन नंबरचा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, आणखी मिटवला. काटा वर आला. आजारी सिलिंडरला आधीच कमी मिळत होतं, त्याचा घास आणखी लहान केला आणि गेजवर मात्र सगळं आलबेल दिसलं. व्हॉल्व्ह आणखी घट्ट होत गेला की तेच चक्र पुन्हा.

म्हणून क्रम ठरलेला हवा, सिंक सगळ्यात शेवटी. आधी टॅपेट. मग प्लग आणि फायरिंग, कारण आयडलला मिसिंग मारणारा, म्हणजे मधूनच न पेटणारा, सिलिंडरही सिंक बिघडल्यासारखाच वागतो. मग पायलट जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल सोडणारी बारीक तोटी. गाडी दोन पावसाळे उभी असेल तर त्याच्या केसाएवढ्या भोकात पेट्रोलचा चिकट थर हमखास सापडतो. हा जेट चोक झालेला सिलिंडर गेजवर बरा दिसू शकतो, कारण हवा येतेच, पेट्रोल येत नाही. अशा वेळी एक्झॉस्ट पाइपवर पाण्याचा थेंब टाका. तीन पाइपांवर तो चुर्रकन उडतो, चौथ्यावर ओघळतो.

आणि एअर लिक, म्हणजे फटीतून चोरून आत शिरणारी हवा. कार्ब्युरेटर आणि इंजिनामधले रबर वयाने कडक होतात, तडकतात. मूठ सोडल्यावर गाडी चटकन खाली न येता रेस राहिली, तर पहिला संशय यांच्यावर घ्यावा. चालू इंजिनावर त्या सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारून बघा, आवाज बदलला तर चोर सापडला. काही जण पेट्रोल किंवा क्लीनर मारतात. गरम इंजिनावर मी ते करणार नाही. सिंक करून झाल्यावर गेजच्या नळ्या काढल्या आणि एखादी टोपी लावायची राहिली, तर हा दोष आपण स्वतःच तयार करतो. माझ्याकडून एकदा झालं आहे.

मित्राच्या गाडीला फट वाढवायला नवी पातळ शिम, म्हणजे धातूची चकती, बसवली, रबर बदलले आणि परत गेज लावले. चारही काटे एका रेषेत येतील अशी त्याची अपेक्षा होती. तीन नंबर सगळ्यांच्या वर, सत्तावीसवर गेला. तिथला थ्रॉटल तीन वेळा मिटवलेला होता ना. स्क्रू जवळजवळ अर्धा फेरा उलटा फिरवला, तेव्हा कुठे तो बाकीच्यांच्या रांगेत आला.