एका लनवर अनेक सर्व्हर: कुलपाचा जुना वाद

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहिली त्या काळातल्या रॅकची मांडणी ठरलेली असे. सर्व्हरच्या पोटातली डिस्क फक्त बूटपुरती, खरा डेटा बाजूच्या स्टोरेज बॉक्समध्ये. बॉक्समधल्या डिस्कचा रेड ग्रुप (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल असा गट) करायचा, त्यातून लन, म्हणजे सर्व्हरला एकेक डिस्क म्हणून दिसणारे तुकडे, कापायचे, मधल्या फायबर स्विचवर झोनिंग (कोण कोणाशी बोलेल त्याची वाटणी) करायचं आणि मास्किंगने कुठला लन कुठल्या सर्व्हरला दिसेल ते ठरवायचं. रेडची कल्पना १९८८ ची, फायबर चॅनल या स्टोरेजच्या नेटवर्कचं प्रमाणीकरण १९९४ चं. त्या व्यवस्थेत डिस्क अनेकांची असली तरी लनचा धनी एकच असे. दोन नोडच्या क्लस्टरमध्येही (एकमेकांची जागा घेणाऱ्या सर्व्हरच्या जोडीत) एक लिहायचा आणि दुसरा त्याच्या मरणाची वाट बघायचा.

हे गणित २००३ साली मोडलं. चालू व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला सर्व्हर) बंद न करता एका होस्टवरून, म्हणजे तिला चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवरून, दुसऱ्यावर हलवता येऊ लागली. हलते ती फक्त मेमरी, डिस्कची फाइल जागची हलत नाही. म्हणजे दोन्ही होस्टना तोच लन, त्याच वेळी, लिहिण्याच्या हक्कासह दिसायला हवा.

साधी फाइल सिस्टिम इथे कामाची नाही. एनटीएफएस (विंडोजची) किंवा ईएक्सटी३ (लिनक्सची) फाइल सिस्टिम असलेला लन दोन सर्व्हरवर एकदम माउंट केला, तर रिकाम्या ब्लॉकचा नकाशा दोघंही आपापल्या मेमरीत धरून बसतात आणि तोच ब्लॉक दोन वेगळ्या फाइलना देऊन टाकतात. चूक लगेच दिसत नाही, रीबूटनंतर दिसते. याहून जास्त लन बॅकअप सर्व्हरने मारले आहेत. विंडोज सर्व्हरला लन दाखवला, डिस्क मॅनेजमेंटने 'इनिशियलाइज करू का?' विचारलं, कुणीतरी ओके दाबलं, की पार्टिशन टेबल गेलं. असा सर्व्हर जोडण्याआधी डिस्कपार्ट या विंडोजच्या आज्ञेत सॅन पॉलिसी (सामायिक डिस्क आपोआप जोडायच्या की नाही तो नियम) 'ऑफलाइन शेअर्ड' आहे ना, एवढं बघणं पुरतं.

उपाय म्हणून क्लस्टर फाइल सिस्टिम, म्हणजे अनेक होस्टना एकाच लनवर लिहू देणारी, आली. त्यातली सर्वाधिक पसरली ती व्हीएमवेअरची व्हीएमएफएस. प्रत्येक फाइलला वेगळं कुलूप, आणि लनच्याच एका कोपऱ्यात प्रत्येक होस्ट दर ३ सेकंदांनी 'मी जिवंत आहे' अशी नोंद करतो. वाद झाला तो कुलपाची नोंद बदलायच्या पद्धतीवर. त्यासाठी एससीएसआय-२ (डिस्कशी बोलण्याची प्रमाण भाषा) ची रिझर्व्हेशन, म्हणजे राखून ठेवण्याची, आज्ञा वापरली गेली, आणि ती लॉक करते तो अख्खा लन. एका सेक्टरभर बदलासाठी बाकीच्या सगळ्या होस्टचं त्या लनवरचं वाचन-लेखन 'रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट' म्हणून परत येतं आणि त्यांना पुन्हा प्रयत्न करावा लागतो. मिलिसेकंदांचं काम, पण अनेकांची वेळ एकच आली की जाम.

या निर्णयावर तेव्हा आणि नंतरही भरपूर टीका झाली. ती बरीचशी अन्यायकारक आहे. पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (होस्टची नोंदणी ठेवणारं रिझर्व्हेशनचं नंतरचं रूप) कागदावर होतं, पण सगळ्या बॉक्समध्ये ते सारखंच वागेल याचा भरवसा नव्हता. शिवाय कोणाला लिहू द्यायचं ते त्यातून ठरतं, याच क्षणी एवढ्याच सेक्टरवर कोण लिहिणार ते ठरत नाही. हाती असलेल्या हत्यारांत जुनी रिझर्व्हेशनच सगळीकडे चालणारी होती.

त्रास मात्र खरा होता. मशीन चालू करणं, स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची स्थिती) घेणं, थिन डिस्क (लागेल तशी जागा घेणारी) वाढवणं, मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं, या प्रत्येकाला कुलूप लागायचं. स्नॅपशॉटची डेल्टा फाइल (त्यानंतरचे बदल साठवणारी) १६ एमबीच्या तुकड्यांनी वाढे आणि प्रत्येक तुकड्याला पुन्हा लॉक. रात्री बॅकअपने एकाच लनवरच्या वीस मशीनचे स्नॅपशॉट एकदम धरले की होस्टच्या व्हीएमकर्नल लॉगमध्ये कॉन्फ्लिक्टची रांग लागे. एखाद्या होस्टने रिझर्व्हेशन धरली आणि तो लटकला, तर लन रीसेट करण्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून 'एका लनवर दहा-पंधरा मशीन, लन ५०० जीबीच्या आत' असा ठोकताळा रुजला. तसाही एक लन २ टीबीच्या पुढे जात नव्हता, कारण ब्लॉकचा पत्ता ३२ बिटचा आणि ब्लॉक ५१२ बाइटचा. गुणाकार तिथेच संपतो. जागा मात्र वाया जाई, प्रत्येक लनमध्ये थोडी थोडी अडकून.

२०१० मध्ये तोड निघाली. 'सेक्टर माझ्याजवळच्या प्रतीसारखाच असेल तरच नवं लिही' ही तुलना बॉक्स स्वतःच एका आज्ञेत करू लागला. तिला एटीएस म्हणतात. लॉक आता ५१२ बाइटपुरता. पुढच्या वर्षी व्हीएमएफएस-५ आलं आणि लनची मर्यादा ६४ टीबीवर गेली. जुना व्हॉल्यूम जागच्या जागी अपग्रेड केला तर तो मिश्र पद्धतीत राही आणि प्रसंगी जुन्या रिझर्व्हेशनवर घसरे. नवा लन करून मशीन तिकडे हलवणंच बरं असे, वेळ लागला तरी.

एटीएसनेही आपला हिसका दाखवला. २०१४ च्या एका अपडेटपासून जिवंतपणाची नोंदही त्याच आज्ञेने होऊ लागली. बॉक्सवर ताण असला की उत्तर उशिरा येई. होस्ट कंटाळून आज्ञा रद्द करी आणि पुन्हा पाठवी, पण पहिली आधीच लिहून झालेली असे. तुलना चुकली, होस्टला वाटलं कुलूप गेलं, डेटास्टोअर, म्हणजे मशीनच्या फाइल ठेवलेला तो लन, तुटला. अनेक ठिकाणी नोंदीपुरतं एटीएस बंद करून काम भागवलं गेलं.

ज्यांना फायबर चॅनल परवडत नव्हतं त्यांच्यासाठी, म्हणजे वागळे इस्टेटमधल्या दोन सर्व्हर-एक बॉक्स छाप ऑफिसांसाठी, २००४ चं आयस्कझी, म्हणजे साध्या इथरनेटवरून लन, हा रस्ता होता. तिथली ठरलेली चूक जंबो फ्रेमची, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पॅकेटची. बॉक्स आणि होस्टला एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) ९०००, मधला स्विच १५०० वरच. लॉगिन होतं, लन दिसतो, कारण ती पॅकेट छोटी असतात. मोठा डेटा सुरू झाला की सगळं थिजतं. ८९७२ बाइटचा, तुकडे न करण्याचा पिंग (चाचणीचं पॅकेट) दोन्ही बाजूंनी मारला की दोष सापडतो.

१२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिन्यांच्या बिघाडाने मुंबईसह ठाणे-नवी मुंबईची वीज गेली. मोठी सेंटरं अशा वेळी डिझेलवर निघतात. यूपीएस संपून बंद पडलेल्या छोट्या सर्व्हर रूमचं दुखणं वीज आल्यावर सुरू होतं. आधी स्विच, मग बॉक्स पूर्ण तयार होऊ द्यायचा, मग होस्ट. उलट क्रम झाला तर होस्ट उठतात, डेटास्टोअर दिसत नाही आणि रीस्कॅन, म्हणजे लनचा पुन्हा शोध, करावा लागतो. डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) त्याच बॉक्सवरच्या मशीनमध्ये असेल आणि स्टोरेज नावाने जोडलेलं असेल, तर रीस्कॅननेही भागत नाही. स्टोरेजचे पत्ते आयपीनेच द्यावेत.

दरम्यान स्टोरेजमधल्या घडामोडी वेगात आल्या. सर्व्हरच्या पोटातल्या एसएसडी नेटवर्कवरून एकत्र बांधणारी पद्धत २०१४ पासून रुळली होतीच, आणि २०१८ च्या एनव्हीएमई-टीसीपी या एसएसडीसाठीच्या नेटवर्क पद्धतीने साध्या इथरनेटवर फायबर चॅनलला तोंड दिलं. २०२३ च्या अखेरीस सर्वाधिक वापरातल्या हायपरव्हायजरची (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), म्हणजे व्हीएमवेअरची, मालकी बदलली, एकदाच विकत घ्यायचे परवाने बंद झाले, आणि जुन्या बॉक्ससोबत केव्हीएम (लिनक्समधला हायपरव्हायजर) वापरायच्या चौकशा वाढल्या. तिथे लनवर सहसा एलव्हीएम (लिनक्सची डिस्क वाटण्याची व्यवस्था) येतं. साधं, थिक (सगळी जागा आधीच राखणारं) एलव्हीएम अनेक होस्टना वाटता येतं. एलव्हीएम-थिन नाही, कारण थिन पूलचा मेटाडेटा (जागेच्या हिशेबाची नोंद) एकाच वेळी एकच होस्ट लिहू शकतो. त्यामुळे थिनची सोय बॉक्समध्येच करून वर थिक व्हॉल्यूम ठेवावे लागतात, आणि स्नॅपशॉट कुठे घ्यायचे हे स्थलांतराआधी ठरवावं लागतं.